टाळीचं वाक्य

व्हिडिओ गेमच्या कंपन्या वर्षातून एकदा लॉस एंजेलिसला जमायच्या आणि आपापला माल मांडायच्या. त्या प्रदर्शनाचं नाव ई-थ्री. पण खरी गंमत प्रदर्शनात नसे, ती असे एकेका कंपनीच्या पत्रकार परिषदेत. पत्रकार परिषद नावालाच, कारण प्रश्न विचारायची सोयच नव्हती. भलामोठा पडदा, कानठळ्या बसवणारं संगीत आणि ब्लेझरखाली टी-शर्ट घालून आलेला, 'मी पण तुमच्यातलाच' असं चेहऱ्यावर वागवणारा उपाध्यक्ष.

तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेबारा तासांचं अंतर. मायक्रोसॉफ्ट साधारण रात्री दहाला, ईए दीडला, यूबीसॉफ्ट साडेतीनला आणि सोनी उजाडताना साडेसहाला. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेळी आई म्हणायची "झोप आता" आणि सोनीच्या वेळी म्हणायची "ऊठ आता". मधलं काही तिच्या कानावर गेलेलं नाही.

सोनीच्या वेळी बाबा चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण नाटकं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. मध्यंतरात बटाटेवडा खाताना ते नटांपेक्षा प्रेक्षकांबद्दलच जास्त बोलतात. टाळी कुठे पडली, कुठे पडायला हवी होती आणि नटाने कुठे उगाच थांबून मागून घेतली. ही खोड मलाही लागली. गेम राहिले बाजूला, मी टाळ्या ऐकायला लागलो. आणि इतक्या जागरणांनंतर माझं ठाम मत झालंय की या परिषदांत नव्या गोष्टीला दणदणीत टाळी क्वचितच पडायची.

अगदी पहिल्या ई-थ्रीपासून हे असंच होतं. मे १९९५. सेगाच्या टॉम कॅलिन्स्कींनी जाहीर केलं की त्यांचं सॅटर्न हे गेमचं यंत्र ३९९ डॉलरला आणि तेही आजपासूनच मिळणार. मग सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस यांना भाषणाला बोलावलं. ते आले, "दोनशे नव्याण्णव" एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. प्लेस्टेशनची किंमत! सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. 'मी दोनच शब्द बोलणार आहे' अशी थाप आपल्याकडे प्रत्येक वक्ता मारतो. ती खरी करून दाखवणारा माझ्या पाहण्यात हा एकच. यंत्रात काय आहे, गेम कोणते, याबद्दल चकार शब्द नाही. टाळी पडली ती शंभर डॉलरच्या फरकाला.

पण टाळ्यांचा माझा सगळ्यात आवडता प्रसंग २०१३ चा. मायक्रोसॉफ्टने त्याआधी सांगून ठेवलं होतं की नव्या एक्सबॉक्सला चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल, आणि विकत घेतलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची तर त्यालाही अटी. वर ई-थ्रीत किंमत सांगितली ४९९ डॉलर. त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे आपल्या ११ जूनच्या सकाळी, सोनीचे जॅक ट्रेटन मंचावर आले आणि म्हणाले, आमच्या डिस्कवर असलं कुठलंही बंधन नाही. विका, मित्राला द्या, नाहीतर जन्मभर जवळ ठेवा. पुढचं त्यांना बोलताच येईना, इतक्या टाळ्या. लोक उठून उभे राहिले.

"काय झालं रे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, गेमची डिस्क मित्राला देता येणार!"

"आतापर्यंत देता येत नव्हती?"

"येत होती."

"मग?"

"येत होती ती यापुढेही येणार."

बाबांनी एक घोट घेतला. "म्हणजे यांनी काहीच केलेलं नाही, आणि त्याबद्दल टाळ्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सोनीने तर डिस्क मित्राला कशी द्यावी याची चित्रफीतच काढली. त्यात सोनीचेच शुहेई योशिदा डिस्कचा डबा उचलून शेजारच्या अ‍ॅडम बॉइझना देतात, ते थँक्यू म्हणतात, संपलं. अर्ध्या मिनिटाचाही ऐवज नाही. आठवडा-दीड आठवड्यात मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या. समोरच्याच्या चुकीवर इतकी मोठी टाळी घेतलेली मी दुसरी पाहिली नाही.

त्याच कार्यक्रमात नव्या प्लेस्टेशनच्या किमतीचा ३९९ डॉलर हा आकडा आला आणि पुन्हा टाळ्या. मीही वाजवली, खोटं कशाला बोला. तेच यंत्र जानेवारी २०१४ मध्ये भारतात आलं ३९,९९० रुपयांना. तेव्हाच्या दराने ३९९ डॉलरचे पंचवीसेक हजार होत होते. आकडे तेच ठेवून नुसती शेपटी वाढवली होती. तेव्हापासून मी डॉलरच्या टाळीत हात घालत नाही, ती ज्यांची त्यांनी वाजवावी.

किमतीखालोखाल टाळी पडायची जुन्याला. २०१५ मध्ये सोनीने एकाच कार्यक्रमात तीन जुनी येणी दाखवली. २००९ मध्ये जाहीर होऊन गायब झालेला द लास्ट गार्डियन, १९९७ च्या फायनल फँटसी सेव्हनचा नवा अवतार आणि २००१ नंतर अर्धवट लटकलेल्या शेनम्यूचा तिसरा भाग. प्रेक्षकांतली मोठी माणसं हुंदके देत होती. टाळ्या आटोपल्यावर कळलं की शेनम्यूसाठी वर्गणी द्यायची आहे. दिली बिचाऱ्यांनी, त्रेसष्ट लाख डॉलर! त्याच वर्षी ईएने पेले यांना आणलं होतं. ते फुटबॉलबद्दल फार मनापासून बोलले आणि बराच वेळ बोलले. कार्यक्रम व्हिडिओ गेमचा आहे, हे मध्ये येऊन सांगायची कुणाची छाती होणार?

नव्याला टाळी पडल्याचं एखाददुसरं उदाहरण आहे, नाही असं नाही. २०१२ मध्ये यूबीसॉफ्टने वॉच डॉग्स दाखवला. पावसात ओला रस्ता, त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं. साडेतीनची झोप उडाली माझी. २०१४ मध्ये गेम आला तेव्हा दिवे होते, रस्ताही होता, तेज मात्र कुठेतरी सांडलं होतं. आणि २०१९ ला किआनू रीव्ह्ज. धुरातून चालत आले, सायबरपंक २०७७ बद्दल बोलायला लागले, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं की तुम्ही लाजवाब आहात. त्यांनी बोट रोखून उलट सांगितलं, "लाजवाब तुम्ही आहात, तुम्ही सगळेच." अख्ख्या ई-थ्रीत मला मनापासून वाटलेलं हे एकमेव वाक्य. गेम सांगितलेल्या एप्रिलऐवजी २०२० च्या डिसेंबरात आला, तोही असा की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. पण नटाची टाळी नटाकडेच राहिली, तिला धक्का लागला नाही.

न पडलेल्या टाळ्यांचं दालन वेगळंच. त्यात २००६ ची सोनी पहिल्या मानाची. एका गेमची ओळख करून देताना निवेदकाने सांगितलं की हा प्राचीन जपानमध्ये प्रत्यक्ष झालेल्या लढायांवर आधारलेला आहे, आणि थोड्याच वेळात पडद्यावर आला घराएवढा खेकडा. त्याच्या नाजूक जागी वार केला की प्रचंड नुकसान होतं, हेही त्यांनी शांतपणे समजावलं. (मालवणात असा खेकडा खरंच इतिहासात गेला असता, पण पाककृतीसह.) त्याच कार्यक्रमात काझ हिराई यांनी हातात छोटं यंत्र धरून "रिऽऽऽज रेसर!" अशी एका गेमच्या नावाची आरोळी ठोकली. समोर शुकशुकाट. शेवटी किंमत आली ५९९ डॉलर, तेव्हा तर लोक श्वास घ्यायचे थांबले. हेच हिराई २०१२ मध्ये अख्ख्या सोनीचे प्रमुख झाले आणि ती आरोळी पुढे स्वतःच हसत हसत परत मारायचे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पडलेलं वाक्य पचवतो तो मोठा नट." सोनीबद्दल त्यांनी काढलेले एवढेच चांगले उद्गार.

पण टाळीसाठी थांबावं कसं, हे बघायचं तर कोनामीचे टाक फुजी बघावेत. २०१० साल. आपल्या गेममध्ये पडद्यावर किती सैनिक उतरतात हे त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, "दहा लाख सैनिक." आणि थांबले. डोळे विस्फारून सभागृहाकडे बघत राहिले. सभागृहही त्यांच्याकडे बघत राहिलं.

आता ते काही उरलं नाही. निन्टेन्डोने २०१३ मध्येच मंच सोडून ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमावर भागवलं, सोनी २०१८ नंतर आली नाही, आणि १२ डिसेंबर २०२३ ला ई-थ्री बंद झाल्याचं अधिकृतपणे सांगून टाकलं. हल्ली बहुतेक गेम आधी मुद्रित केलेल्या फितींतूनच येतात. कुणी अडखळत नाही, यंत्र रुसत नाही, खेकडाही कुठे चुकीच्या शतकात शिरत नाही. जून महिन्यात समर गेम फेस्ट असतो, तिथे आपल्या गेमची एक मिनिटाची फीत दाखवायचा दर अडीच लाख डॉलर असल्याचं २०२४ मध्ये छापून आलं होतं. मी लगेच कागद घेतला. त्या दराने टाक फुजींचं ते थांबणं चार सेकंदांचं धरलं तरी साडेसोळा हजार डॉलरच्या वर जातं, आणि त्यात अजून एकही सैनिक दाखवून झालेला नाही.