ग्याझेट

धाराशिवच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एक मास्तर असतातच. निवृत्त, काखेत पिशवी, पिशवीत जुन्या गॅझेटिअरच्या झेरॉक्स. गाव त्यांना 'ग्याझेट' म्हणतं. तुम्ही फक्त गाव सांगायचं. त्याच्या नावाचा उगम ते सांगणार, चहाचे पैसे तुम्ही देणार.

"कुठले ओ पाव्हणे?"

"तेरचा."

संपलं! "आवो, तेर म्हंजे तगर! पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकामदी हाय. दोन हजार वर्षांखाली तुमच्या गावचं कापड गाड्या भरून भडोचला जायाचं." कापड भडोचला पोचेस्तोवर पाव्हण्याची एसटी निघून गेलेली असते. (तेरचं एवढं मात्र खरं आहे. खोटं वाटत असेल तर तिथलं लामतुरे संग्रहालय बघून या.)

खुद्द धाराशिवबद्दल त्यांच्याकडे माणूस पाहून माल निघतो. भाविक भेटला की धारासुर राक्षस आणि त्याला मारणारी धारासुरमर्दिनी. लेणी पाहायला आलेला कोणी भेटला की राक्षस गायब; पाण्याची धार आणि शिव. दोघेही माना डोलावून जातात.

तुळजापूरचा विषय निघाला की आवाज चढतो. "त्वरिता, तुरजा, तुळजा! हाकेला त्वरित धावती म्हनून. आन् 'आई राजा उदो उदो' का म्हनत्यात? आई बी तीच, राजा बी तीच. दोन खाती, एकच धनी, आन् तरी काम वेळेवर! असा एक सायब दाखवा जिल्ह्यात."

२०२३ साली सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाच्या नावाचं उस्मानाबाद जाऊन कागदावर धाराशिव आलं. मास्तरांना वाटलं, आता आपले दिवस आले. पण विचारायला कोणी येईना. खेड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "आमी कवा दुसरं म्हनलं होतं?" पुढे रेल्वे स्टेशनची पाटीही बदलली.

विचारलं ते एका शेळीवाल्याने, भर बाजारात. "मास्तर, मंग आमची उस्मानाबादी शेळी आता धाराशिवी म्हनायची का?"

मास्तरांनी पिशवी उपसली. झेरॉक्स चाळल्या. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "तिनं अर्ज केलाय का?"

तिने केलेला नाही. सरकारी नोंदीत ती जात अजून उस्मानाबादीच आहे, आणि बाजारात भाव त्याच नावाला मिळतो.