किंकाळीची ड्युटी

मुखवटा घातलेला एक इसम तरुण पोरापोरींना एकेक करून कापत सुटतो, अशा अमेरिकन 'स्लॅशर' चित्रपटांवर बायकांच्या छळाचा आरोप जुनाच आहे. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट या समीक्षकांच्या जोडीने आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा अख्खा भाग त्यासाठी खर्ची घातला होता. या चित्रपटांच्या वकिलांचं उत्तरही तितकंच जुनं: पुरुषही मरतातच की, मोजा मुडदे! आणि मोजले तर हिशेब जुळतो, हे कबूल करायला हवं. १९९३ साली फ्रेड मॉलिटर आणि बॅरी सॅपॉल्स्की या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकातले तीस चित्रपट तपासले, तेव्हा बळींमध्ये बायकाच जास्त असं काही निघालं नाही. संसदेत, कारखान्यात, स्वयंपाकघरात न सापडणारी स्त्री-पुरुष समानता शवागारात सुखाने नांदते आहे म्हणायची. पण या दोघांनी मुडद्यांबरोबर वेळही मोजला होता. भेदरलेल्या अवस्थेत पडद्यावर कोण किती काळ दिसतं, या मोजणीत बायका पुरुषांच्या कितीतरी पुढे निघाल्या. मरणाचं काम दोघांत वाटून दिलेलं. घाबरण्याचं खातं मात्र बायकांकडे.

टोबी हूपरच्या 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर'मध्ये (१९७४) हे कामवाटप लख्ख दिसतं. कर्क नावाचा तरुण खुन्याच्या घरात शिरतो, डोक्यात हातोडा बसतो, लोखंडी दार धाडकन बंद होतं. घाबरायलाही सवड नाही; सभ्य, आटोपशीर मरण. त्याच्यामागून आलेल्या पॅमला मात्र मांस टांगायच्या हुकावर जिवंत लटकवलं जातं आणि समोर कर्कच्या प्रेतावर चाललेली करवत बघायला लावलं जातं. म्हणजे त्याचं मरणसुद्धा घाबरायचं तिनेच. मग उरते सॅली. चित्रपटाचा जवळजवळ शेवटचा तिसरा हिस्सा ती धावते आणि किंचाळते; हा तिचा ओव्हरटाइम. ओव्हरटाइम हा शब्द इथे अलंकारिक समजू नये: जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगाचं चित्रीकरण टेक्सासच्या उकाड्यात चोवीस तासांहून जास्त वेळ सलग चाललं होतं, आणि नकली रक्ताची नळी चालेना म्हणून सॅली झालेल्या मॅरिलिन बर्न्स या अभिनेत्रीचं बोट खरोखर कापण्यात आलं.

यावर जाणकार मंडळी 'फायनल गर्ल' पुढे करतात. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ साली हे नाव रूढ केलं: शेवटी जिवंत राहते आणि खुन्याला भिडते ती मुलगीच, मग तक्रार कसली? मुद्दा वजनदार आहे. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'मधली (१९७८) लॉरी विणायची सुई खुन्याच्या मानेत खुपसते, हे पाहून कुणालाही बरंच वाटेल. पण सर्वांत जास्त वेळ थरथरल्याखेरीज ही बढती कुणाला मिळत नाही, आणि ती टिकतेच असंही नाही. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधून (१९८०) वाचलेली ॲलिस पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच मारली जाते. लॉरीची गंमत तर आणखी मोठी. 'हॅलोविन'च्या पुढच्या भागांत १९८८ मध्ये ती अपघातात वारल्याचं कळतं, १९९८ मध्ये जिवंत, २००२ मध्ये खून, २०१८ मध्ये पुन्हा धडधाकट. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागणाऱ्या आपल्या कोषागारातल्या कारकुनाने या बाईपुढे हात टेकले असते. आणि प्रत्येक हयातीत काम तेच. खुद्द क्लोव्हरबाईंनीही लिहून ठेवलं आहे की, रडणं-थरथरणं-गयावया करणं बाईच्या देहातच शोभून दिसतं असं आपण धरून चालतो, म्हणून तर ही भूमिका मुलीला मिळते.

शेवटचा आक्षेप असा, की भयपटात कुणीतरी घाबरायलाच हवं. बाई घाबरते हा निव्वळ योगायोग, उद्या पुरुषही घाबरेल. तोही प्रयोग झालेला आहे. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'च्या दुसऱ्या भागात (१९८५) मार्क पॅटन या तरुण नटाला किंचाळायचं काम मिळालं आणि ते त्याने मन लावून केलं. पहिल्या भागात नायिका नॅन्सी याच लोखंडी नखांच्या खुन्यापुढे घाबरली तेव्हा ते स्वाभाविक होतं. हा घाबरला तेव्हा त्याच्या किंकाळीची टवाळी झाली, त्याच्या पुरुषपणाची चर्चा झाली, आणि पुढे तो हॉलिवुड सोडून निघून गेला. चेनसॉ, सुरा, लोखंडी नखं सगळं ज्या प्रेक्षकाला पचलं, त्याला घाबरलेला पुरुष तेवढा पचला नाही. निर्मात्यांनीही पदभरतीतली चूक तत्परतेने दुरुस्त केली. १९८७ च्या तिसऱ्या भागात नॅन्सीला सन्मानाने परत बोलावण्यात आलं आणि चित्रपट संपायच्या आत तिला मारण्यात आलं.