हयात, हजर आणि ऑपरेटर

आमच्या घरात चार माणसं, आणि चारही ज्येष्ठ नागरिक. सासरे ८८ वर्षांचे, सासूबाई ८२, आमचे हे ६५ आणि घरातली तरणीताठी सून म्हणजे मी, ६१. कोणी कोणाला सांभाळायचं, हे रोज सकाळी कोणाचा गुडघा आधी बोलतो त्यावर ठरतं. मुलगा बंगळुरूला असतो. मायाळू आहे. आजी-आजोबांची आठवण आली की लिंक पाठवतो.

त्या लिंका उघडून बघता बघता माझ्या लक्षात आलं, की म्हाताऱ्या माणसांची आणि त्यांची उस्तवार करणाऱ्यांची फोनमध्ये आज बरीच सोय करून ठेवली आहे. आजेसासूबाईंच्या आजारपणात यातली निम्मी जरी असती, तरी माझे केस चार वर्षं उशिरा पिकले असते. अडचण फोनमध्ये नाही. अडचण आहे ती ‘द्या इकडे’ या दोन शब्दांची. नाना, म्हणजे माझे सासरे, फोनकडे बघत चष्मा खाली-वर करू लागले, की ह्यांचा हात पुढे आलाच. ‘नाना, द्या इकडे.’ मग अंगठ्याने पाच-सहा ठिकाणी टकटक आणि ‘झालं!’ काय झालं, कुठून झालं, उद्या पुन्हा करायची वेळ आली तर काय करायचं, याचा पत्ता कोणाला लागत नाही. माझी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. पोराच्या हातातली वही ओढून गणित स्वतः सोडवून देणाऱ्या मास्तरला आम्ही शिक्षकांच्या खोलीत काय म्हणत असू, ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यातून नाना म्हणजे रेल्वेचे गार्ड. भुसावळ हेडक्वार्टर. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल. १९९५ साली, तेव्हाच्या नियमाने ५८व्या वर्षी निवृत्त झाले. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने ‘गार्ड’ हे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा नानांनी गल्लीत पेढे वाटले. रिटायर झाल्यावर सत्तावीस वर्षांनी प्रमोशन मिळालेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. लेखी मेमो हातात पडल्याशिवाय ज्याने कधी गाडी हलवली नाही, त्याचं नुसत्या ‘झालं’वर समाधान कसं व्हावं? शेवटी मीच घरात कायदा केला. ज्याचा फोन, त्याचं बोट. बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून काय ते तोंडाने सांगायचं.

या कायद्याखालचं पहिलं प्रकरण टॉकबॅकचं. आवाजाची दोन्ही बटणं नानांनी एकदम दाबून धरली आणि फोन बोलायला लागला. जिथे बोट लागेल तिथलं नाव वाचायचा आणि वर ‘दोनदा टॅप करा’ अशी पुरवणी जोडायचा. एकदा टॅप केलं की नुसता बोलतो, काम करत नाही. घड्याळ वाचलं, बॅटरी वाचली, गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा वाचल्या. ‘यात कोणीतरी शिरलंय,’ असं म्हणून सासूबाईंनी देवापुढची उदबत्ती फोनभोवती फिरवून घेतली. पाठीमागे बांधलेले ह्यांचे हात नुसते शिवशिवत होते. तीच दोन बटणं पुन्हा तीनेक सेकंद दाबून धरली की हा प्रकार बंद होतो, हे मी लिंकेत वाचून सांगितलं, आणि नानांच्या बोटाने ते केलं.

पण त्यातून एक निघालं. शेजारच्या काकूंच्या दृष्टिपटलाचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. हे टॉकबॅक अशा माणसांसाठीच केलेलं आहे, हे कळल्यावर त्यांच्या फोनवर मुद्दाम चालू केलं. आठवडाभर त्या फोनवर खेकसत होत्या. आता फोन कोणाचा आलाय हे त्यांना आधी ऐकू येतं, त्यामुळे धाकट्या जावेचा असला तर त्या उचलतच नाहीत. असं सुख त्यांना कुठल्या चष्म्यानेही दिलं नव्हतं.

नानांची अडचण कानांची. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि डाव्याने सोयीने. त्यांच्यासाठी मुलाने लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं अ‍ॅप सुचवलं. समोरचा बोलतो ते तिथल्या तिथे मोठ्या अक्षरांत उमटतं, मराठीतसुद्धा. डॉक्टरांकडे हे फार कामाचं आहे, कारण डॉक्टर गोळ्यांच्या वेळा हळू आवाजात सांगतात आणि बिल मोठ्या आवाजात. घरात मात्र त्याने वेगळंच केलं. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून भाजी फोडणीला टाकताना जे पुटपुटतात, ते सगळं नानांच्या हातात लेखी येऊ लागलं. पहिल्याच दिवशी नानांनी मोठ्याने वाचलं, ‘साठ वर्षं सांगतेय, ओला टॉवेल गादीवर टाकू नका, पण या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल तर शपथ.’ मग फोन उलटा ठेवून मला म्हणाले, ‘सूनबाई, आजवर ऐकू येत नव्हतं म्हणून वाचलो गं.’

हवं असेल तर ते अ‍ॅप बोलणं तीन दिवस जपूनही ठेवतं. ही सोय सासूबाईंनी तातडीने चालू करवून घेतली. तेव्हापासून ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा आमच्या घरचा पिढीजात बचाव चौथ्या दिवसापासूनच लागू होतो. अधूनमधून अ‍ॅप घोटाळाही करतं. ‘भरीत झालंय, या’ याचं त्याने ‘भारत झालंय, या’ असं लिहिलं, तेव्हा नाना जेवायच्या आधी टीव्हीसमोर जाऊन बातम्या बघून आले.

सासूबाईंना फोनमधलं एकच दालन पसंत पडलं, ते ई-संजीवनी. सरकारी डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, पैसे पडत नाहीत, औषधांची चिठ्ठी फोनवरच येते. सासूबाईंनी पदर सावरला, ‘आ’ करून कॅमेऱ्याला जीभ दाखवली आणि मग नाडी बघायला मनगट पुढे धरलं. डॉक्टरीणबाई गुणाच्या. ‘आजी, नाडी तुमच्या सूनबाई मोजतील आणि मला सांगतील,’ म्हणाल्या. सर्दी-खोकला, खाज, रोजच्या गोळ्यांबद्दलच्या शंका यांना हे उत्तम. छातीत कळ आली, बोलताना जीभ जड झाली, तर व्हिडिओ-बिडिओ काही नाही, सरळ १०८. ही सूचना मी फ्रिजवर चिकटवली आहे. नानांनी खाली ‘वाचलं’ असं लिहून सही केली आहे.

फ्रिजवर आणखी एक नंबर आहे, १४५६७. एल्डरलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ, सगळे दिवस. पेन्शन अडलीय, पोटचं पोर त्रास देतंय, वृद्धाश्रमाची चौकशी करायचीय, किंवा नुसतंच कोणाशी तरी बोलायचंय, तरी चालतं. नाना गाडी सोडण्याआधी ब्रेकची चाचणी घेत, त्याच सवयीने त्यांनी एका रविवारी तो नंबर लावून बघितला. पलीकडच्या मुलीने विचारलं, ‘बाबा, काय अडचण आहे?’ नाना म्हणाले, ‘आत्ता काही नाही. पुढे येईल तेव्हा तुम्ही जागेवर असता की नाही, ते बघतोय.’ मुलगी हसली. मग नानांनी तिला कसाऱ्याच्या घाटात मागचं इंजिन कसं लावतात ते सविस्तर सांगितलं. तिने ऐकूनही घेतलं. ह्या देशात कोणाला पुरस्कार द्यावेत, याबद्दल माझी आता ठाम मतं आहेत.

म्हाताऱ्यांची सोय चोरांनीही बघून ठेवलेली आहे. मागे एकदा नानांना व्हिडिओ कॉल आला. खाकी कपडे, मागे कसलंसं बोधचिन्ह. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्हाला डिजिटल अटक झालीय. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही.’ शेवटची अट आमच्या घरात पाळणं अशक्यच, कारण नाना फोन स्पीकरवर ठेवतात आणि तो शेजारच्या काकूंनाही ऐकू जातो.

नाना म्हणाले, ‘मेमो द्या.’

‘कसला मेमो?’

‘लेखी. तारीख, वेळ, सही. आणि तुमचा प्रायव्हेट नंबर सांगा.’

रेल्वेत स्टेशन मास्तर आणि फाटकवाला फोनवर बोलतात तेव्हा खातरजमेसाठी प्रायव्हेट नंबर घेतात-देतात. ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? म्हातारा आपला खासगी मोबाइल मागतोय, आता पोलिसात देणार, असं वाटून त्याची भाषाच बदलली. आधी दरडावलं, मग ‘काका’ म्हणाला, मग फोन कापला. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. असा फोन आला की सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’त कळवायचं, आणि पैसे गेलेच असतील तर पहिल्या काही मिनिटांत १९३० लावायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचंच जास्त जातं. नानांनी चक्षूतली तक्रार स्वतःच्या बोटाने भरली. दुपारचा चहा निवला, पण भरली.

हे सगळं ठीक. खरी परीक्षा मात्र हयातीच्या दाखल्याची. पूर्वी नोव्हेंबर लागला की बँकेत रांग. काठ्या, कानटोप्या, थर्मास. साहेब समोर बसलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणायचे आणि तो जिवंत असल्याचा कागद मागायचे. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, पण त्याला बोटाचा ठसा लागायचा. जन्मभर ब्रेकव्हॅनच्या दांड्या धरलेल्या नानांच्या बोटांवर ठसा असा उरलेलाच नव्हता. यंत्राच्या मते ते हयात होते की नाही, हे दर वर्षी संशयास्पदच राहायचं. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावर काम भागतं. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. आणि ऐंशी ओलांडलेल्या केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरापर्यंत थांबावं लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

तर ऑक्टोबरच्या उन्हात, अंगणात, उजेड तोंडावर येईल अशी खुर्ची टाकून नाना बसले. इस्त्रीचा शर्ट. अ‍ॅप दोन लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. हे दुसरं उतरवून घेतलं तरी पडद्यावर त्याचं चित्र म्हणून दिसत नाही. निर्गुण निराकार राहून आतून काम करतं. सासूबाईंचा पटकन विश्वास बसला, नानांचा बसायला वेळ लागला. मग अ‍ॅप विचारतं, ऑपरेटर कोण? आधी ऑपरेटरने आपला आधार, ओटीपी, चेहरा देऊन ओळख पटवायची, मग पेन्शनरची पाळी. दोघं एकच असले तरी चालतं. त्यामुळे नानांनी आधी नानांची नेमणूक केली आणि मग नानांना समोर बोलावलं.

पीपीओ नंबर त्यांना तोंडपाठ. खातं, बँक, सगळं सुरळीत. पुन्हा नोकरी करता का? नाही. पुढचा प्रश्न नानांनी मोठ्याने वाचला, ‘पुनर्विवाह केला आहे का?’ आतून पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला. कुटुंब निवृत्तिवेतनात लग्नाचा हिशेब येतो म्हणून तो रकाना आहे, हे मी दारातूनच ओरडून सांगितलं. सासूबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सरकारला अजून आशा आहे तुमची!’ नानांनी ‘नाही’वर बोट ठेवलं, आणि ते नीट उमटलंय ना, हे त्यांनी स्वतः वाकून पाहिलं.

मग चेहरा. फोनने डोळे मिचकवायला सांगितलं. नानांना ते जमेना. मागे पळणाऱ्या रुळांवर नजर रोखून बसायची सवय, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते फोनकडे असे रोखून बघत होते, की कोणाही चोराने कबुलीजबाब दिला असता. हे मागून म्हणाले, ‘नाना, पापण्या हलवा, पापण्या!’ सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्याकडे बघून कधी मिचकावला नाही त्यांनी डोळा, फोनकडे बघून काय मिचकावणार?’ त्यावर नाना हसले, हसताना पापण्या मिटल्या आणि फोनने तेवढ्यात काम उरकून घेतलं. मेसेज आला. प्रमाण आयडीसकट.

दाखला बँकेला आपोआप पोहोचतो, आता जायची गरज नाही, असं मी सांगितलं. नाना तरीही गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आजोबा, आलंय इकडे, तुम्ही यायची गरज नव्हती.’ नाना म्हणाले, ‘तेच सांगायला आलो होतो.’

आता कायद्याची पुढची पायरी नानांनी स्वतःच गाठली आहे. एकदा ऑपरेटर झालं की त्याच फोनवरून इतर पेन्शनरांचेही दाखले करता येतात. त्यामुळे नोव्हेंबरात सकाळी आमच्या अंगणात रेल्वेची जुनी माणसं जमतात. फिटर, फायरमन, तिकीट तपासनीस. सासूबाई चहा करतात आणि प्रत्येकाचं ‘पुनर्विवाह’ला उत्तर काय येतं ते खिडकीतून ऐकतात. नाना फोन धरतात, पण बोट ज्याचं त्यालाच लावायला लावतात. आमच्या ह्यांच्याकडे खुर्च्या मांडायचं काम आहे.

गेल्या आठवड्यात लोको शेडमधले एक जुने फिटर आले होते. वय ८४, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नानांनी खणखणीत आवाजात विचारलं, ‘पुनर्विवाह?’

फिटर काका गप्प. काठी या हातातून त्या हातात घेतली, मग म्हणाले, ‘होय लिहिलं तर पेन्शन वाढते का?’

‘नियम बघून सांगतो,’ नाना म्हणाले. ‘तोवर डोळे मिचकव.’