पत्रीतली बडी मंडळी

नाताळात आमच्या सोसायटीच्या जिन्यापाशी पॉइन्सेटियाच्या लाल कुंड्या मांडल्या, की पहिल्या मजल्यावरच्या काकू नातवाला कडेवर घेऊन भिंतीला घासत जातात. ‘विषारी असतं म्हणे ते!’ हे ‘म्हणे’ १९१९ सालचं. हवाई बेटांवर एक पोर त्याचं पान खाऊन दगावल्याची आवई उठली, ती पुढे खोटी निघाली. नंतर अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदी कुणीतरी चिकाटीने तपासल्या. मृत्यू एकही नाही. चिकाने खाज सुटते, पान चावलं तर तोंड चुरचुरतं, फार तर पोट बिघडतं. पण एकदा नाव खराब झालं ते झालं.

आता याच काकूंचा भाद्रपद बघा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मंडईतून पत्रीचा वाटा येतो आणि ओल्या वर्तमानपत्रासकट जमिनीवर पसरतो. दूर्वा, शमी, माका ही सज्जन मंडळी. त्यांच्यात मांडी घालून बसलेले धोत्रा, रुई आणि कण्हेर! या तिघांना कुणी भाडेकरू म्हणूनही ठेवू नये. कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच हृदयाचा ठेका चुकवणारं. धोत्र्याचं बी पोटात गेलं तर घशाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात आणि माणूस समोर नसलेल्यांशी गप्पा मारू लागतो. रुईचा चीक डोळ्यात गेला, तर आरती डोळ्यांच्या दवाखान्यात. आणि पत्री निवडायला बसवतात कुणाला? नातवाला! ‘बाप्पाची सेवा कर हं.’ तो सेवा करतो आणि मधूनमधून अंगठा चोखतो.

कोकणात गौरीला कळलावी लागते. फूल असं देखणं, की त्याला ‘गौरीचे हात’ म्हणतात. कंदात मात्र जिवावर उठणारं कोल्चिसिन.

‘देवाला वाहिलेलं कसं बाधेल?’ हा काकूंचा बिनतोड सवाल. देवाला नाहीच बाधत. त्याचे वडील हलाहल पचवून बसलेत, घराण्यातच आहे ते. या नातवाच्या वडिलांना साधी मिसळ पचत नाही.

तेव्हा पत्री जरूर वाहा, पण निवडायला मोठ्यांनी बसा. डोळे चोळण्याआधी साबणाने हात धुवा आणि निर्माल्य पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. तरीही कुणी काही चघळलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचे प्रयोग नकोत. ती डहाळी पिशवीत घाला आणि थेट दवाखाना गाठा. ‘पत्री खाल्ली’ एवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही. एकवीस पत्रींपैकी कोणती, ते त्यांना कळावं लागतं.