स्वस्त विजेचा मुहूर्त

विजेवरची गाडी घरच्या घरी स्वस्तात कशी चार्ज करावी, हे चिपळूणकरांना सांगायला मी पात्र आहे, कारण मी निवृत्त आहे. ही पात्रता कशाला लागते, ते पुढे कळेलच.

आधी शास्त्रार्थ. महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे नवा, वेळेनुसार वापर मोजणारा टीओडी मीटर बसलाय, त्यांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने रुपयापर्यंत न्यायचं ठरलंय. कारण सरळ आहे. दिवसा सौर वीज उदंड असते आणि सूर्य मावळला की अख्खा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो. रात्रीची वीज स्वस्त, हे कारखान्यांच्या बिलांवरून आमच्या पिढीने पाठ केलं होतं. ते आता विसरायचं.

आता गाडीची कुंडली. लहान गाडीची बॅटरी साधारण 24 युनिटांची. पडवीतला पंधरा अँपिअरचा प्लग तासाला तीन युनिटं देतो. तीन आठे चोवीस, आणि 9 ते 5 म्हणजे बरोब्बर आठ तास. अशी पत्रिका लाखात एखादीच जुळते. अडचण एवढीच की त्या आठ तासांत गाडी तुम्हाला घेऊन खेर्डीला नाहीतर लोट्याला एमआयडीसीत उन्हात उभी असते. तेव्हा पहिलं काम, निवृत्त व्हा. ते जमत नसेल तर एसटीने कामावर जा, म्हणजे गाडी घरी बसून स्वस्तात चार्ज होईल. रविवारी तिला एकदा पुसून घ्यावी.

प्लग लावला म्हणजे वीज गाडीत गेली, असं मात्र समजू नका. आमच्या जांभ्याच्या जमिनीतलं पाणी मार्चनंतर कुठे जातं कोण जाणे, पण अर्थिंग त्याच्याबरोबर जातं. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, रुसलेल्या जावयासारखा. वायरमनने उपाय सांगितला, अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओता. सकाळी पावणेनऊला मी मागल्या दारी बादलीत मूठमूठ मीठ विरघळवत बसलो होतो. सौ. ओट्यावरून म्हणाली, “अहो, ते खडेमीठ आमसुलांसाठी आणलंय. गाडीला दृष्ट लागली असेल तर मोहऱ्या घ्या.” पाणी ओतलं, बुडबुडे आले, जमिनीने घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि पडवीत दिवा हिरवा झाला. तेव्हा नऊला तीन मिनिटं कमी होती. ती तीन मिनिटं मी प्लग काढून उभा राहिलो. शिस्त म्हणजे शिस्त.

आता फळ काय मिळालं? महिन्याला हजारेक किलोमीटर फिरलं तर गाडीला 150 युनिटं लागतात. गुणिले सुरुवातीच्या सवलतीचे 80 पैसे म्हणजे 120 रुपये. घरातली पिठाची चक्की, पंप आणि भरतकामाचं मशीन यांना गाडीपुढे रांगेत उभं करून मी मिळवलेली ही कमाई. त्यात एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. बिलातले दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 च्या दराला जवळपास दुपटीची उडी. आमचा घरचा वापर 90 चा. म्हणजे गाडीची बहुतेक सगळी युनिटं दुसऱ्या टप्प्यात जाऊन बसली. घड्याळाकडे डोळे लावून 80 पैसे वाचवायचे आणि टप्प्याकडे पाठ फिरवायची, यालाच आमच्याकडे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात. छपरावर सौर पॅनेल हा खरा उतारा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. फक्त चिपळूणच्या आषाढात छपराकडे पाहून उसासा टाकायचा नाही.

ज्यांना पैशापेक्षा पुण्याची काळजी आहे, त्यांच्यासाठी वेगळा हिशेब. संध्याकाळची मागणी भागवायला कोयनेची जनित्रं धावतात. पोफळीच्या वीजघरात पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून पडतं. त्या उंचीवरून एका युनिटला ढोबळमानाने हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे संध्याकाळी सातला रिकामी गाडी प्लगला लावणाऱ्याने मनातल्या मनात दोन टँकर डोंगरावरून ओतले. ते पाणी पुढे कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं आणि आपल्याच दारावरून खाडीला जातं.

याच डोंगराने एक फुकटची सोयही करून ठेवली आहे. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकमधून बॅटरी भरते. हेळवाकहून निघताना दिसलेला आकडा घाट संपता संपता वाढलेला असतो. कोयनेचं पाणी उतरताना वीज करतं, तेच आपली गाडी करते. खर्च शून्य. त्यासाठी आधी घाट चढावा लागतो, पण हा तपशील मार्गदर्शनात येत नाही.

पावसाळ्यात ही सगळी पोथी गुंडाळून ठेवा. 22 जुलै 2021 चा पूर ज्याने बाजारपेठेत पाहिला, तो वाशिष्ठी आणि शिवनदी फुगल्यावर 80 पैसे मोजत नाही. जोराचा पाऊस लागला की वेळ न बघता गाडी भरून घ्यावी आणि उंचावर नेऊन ठेवावी.

राहिला शेवटचा नियम, पाहुण्यांचा. उन्हाळ्यात एकदा रात्री साडेनऊला मुंबईहून भाचा आला, बायकामुलांसकट, परशुराम घाट उतरून. त्याच्या गाडीत आठ टक्के शिल्लक होते आणि पहाटे गुहागरला निघायचं होतं. “मामा, प्लग कुठाय?” सवलत सकाळी नऊला सुरू होते, हे मी त्याला पुराव्यानिशी समजावणार होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, त्याला पाणी दिलंत का?”

दिवा लालच होता. मी मुकाट्याने मिठाचा डबा उचलला आणि बादली घेऊन मागल्या दारी गेलो.