एकावन्न-एकोणपन्नास

"दिवसाला किती कप होतात?" डॉक्टरांनी विचारलं. छातीत धडधड, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जाग आणि सकाळी करपट ढेकरा, अशी तक्रार घेऊन मी गेलो होतो. "तीन-चार," मी म्हणालो. शेजारच्या खुर्चीतून हिने "घरचे" अशी पुरवणी जोडली.

मग दवाखान्यातच आमची जुंपली. मुद्दा असा, की कटिंग हा कप धरायचा की नाही? माझ्या मते नाही. कटिंग उभ्याउभ्या घेतात, त्यात दुसऱ्याचा वाटा असतो आणि पैसेही बहुतेक वेळा तोच देतो. तेव्हा हिशेबसुद्धा त्याच्याच नावावर पडायला हवा. डॉक्टरांनी ही बाजू शांतपणे ऐकून घेतली आणि कागदावर आकडे मांडले. कपभर चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन, कपभर फिल्टर कॉफीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. धडधाकट माणसाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माझी बेरीज करताना त्यांना कागद उलटावा लागला. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, असंही ते म्हणाले. म्हणजे संध्याकाळी सहाला टपरीवर घेतलेला स्पेशल रात्री अकराला निम्मा माझ्याबरोबर अंथरुणात असतो.

"एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा."

हळूहळू! सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा सल्ला. जिना उतरता उतरताच मी जाहीर केलं, आजपासून बंद. ही काही बोलली नाही. हिने काही न बोलणं ही धोक्याची खूण असते, पण तेव्हा मी त्यागाच्या धुंदीत होतो.

धुंदी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. मग डोकं दुखू लागलं. दुखणं असं, की फोडणीचा आवाज थेट डाव्या भुवईत जाऊन तडतडायचा. यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. आपल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर साचत जातं. ते आपापल्या जागेवर जाऊन बसलं की मेंदूला थकवा कळतो. कॅफिनची ठेवण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती, की ते आधीच जाऊन त्या जागा अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. अ‍ॅडेनोसिन बापडं दारात उभं. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू कंटाळून गाडीत जादा बाकं बसवतो. आणि मग एके सकाळी रुमाल यायचे बंद होतात. ताटकळलेली सगळी जत्रा जुन्या-नव्या बाकांवर एकदम येऊन आदळते. त्यातच कॅफिनने आवळून धरलेल्या डोक्यातल्या रक्तवाहिन्याही सैल सुटतात.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात या त्रासाला रीतसर जागा दिली. १२ ते २४ तासांत सुरुवात, एक-दोन दिवसांत कळस, मुक्काम ९ दिवसांपर्यंत. आपलं दुखणं ग्रंथात आहे म्हटल्यावर मला जरा प्रतिष्ठित वाटलं. मी हिला मुद्दाम वाचून दाखवलं.

"चिडचिड लिहिलीय का त्यात?"

"लिहिलीय."

"मग लग्नापासून होती ती कशामुळे?"

शेवटी कपाटातली डोकेदुखीची गोळी घेतली. अर्ध्या तासात चमत्कार! डोकं उतरलं, कामाला हुरूप आला, समोरच्या वाड्यातला रेडिओसुद्धा सुरेल वाटू लागला. मी घरच्यांना बोलावून मनोनिग्रहावर चार शब्द बोललो. संध्याकाळी पुन्हा डोकं, पुन्हा गोळी, पुन्हा चार शब्द. पुढचे काही दिवस गोळी आणि व्याख्यान अशी घरात दोन्ही वेळची व्यवस्था लागली. मग मुलीने पाकिटाची मागची बाजू वाचली. पॅरासिटॅमॉल, आणखी एक लांबलचक नाव, आणि कॅफिन ५० मिलिग्रॅम.

"बाबा, तुम्ही चहा पाण्याबरोबर गिळताय."

तेव्हापासून मी पाकिटांच्या मागच्या बाजू वाचणारा माणूस झालो. ऑफिसातल्या एकाने ग्रीन टी सुचवला होता. निघाला त्याच झुडपाचा. कोल्ड्रिंक घेतलं, त्यात कॅफिन. मुलीच्या चॉकलेटचा तुकडा मोडला, त्यातही थोडं होतंच. म्हटलं, शहरच सोडावं. हवापालट करायला चिखलदऱ्याला गेलो. मेळघाटातलं थंड हवेचं ठिकाण, दाट धुकं, टपरीची आठवणसुद्धा येऊ नये अशी शांतता. तिथे गाइड मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथंच. मळा दाखवू?"

पण खरी फजिती झाली ती भाच्याच्या लग्नाच्या बोलणीत. मुलामुलीचं आधीच जमलेलं होतं. थोरांनी फक्त पोहे खाऊन संमती द्यायची होती. पोहे झाले. चहाचा ट्रे आला.

"मी घेत नाही," मी म्हणालो.

मुलीचे वडील हसले. "कॉफी टाकायला सांगतो की!"

"कॉफीही नाही. मी सगळंच सोडलंय."

खोलीत एकदम शांतता. वातावरण सैल करावं म्हणून मी खुलासा करू लागलो. पूर्वी फार घ्यायचो, सकाळी उठल्याउठल्या लागायची, संध्याकाळी ऑफिस सुटलं की मित्रांबरोबर ठरलेली, घरी कळू नये म्हणून बाहेरच उरकून यायचो. सुरुवातीला हात थरथरायचे, पण घरच्यांनी फार सांभाळून घेतलं. आता हातसुद्धा लावत नाही. बोलता बोलता लक्षात आलं, की मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी आहे आणि वडील भाच्याकडे पाहताहेत. मामावर गेला असला तर, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"दादा," ताई दातओठ खात म्हणाली, "मुकाट्याने पी."

याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली होती. कोणी प्यायले, कोणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं होतं. माझं ताईकडे गेलं. मी चहा घेतला, वर बशीतही ओतून घेतला. आल्याचा, बासुंदीसारखा दाट. लग्न ठरलं.

घरी आल्यावर मी तह केला: बाहेर काही नाही, सकाळी घरी एकच फिल्टर कॉफी. हिने लगेच मान्य केलं, याचंही तेव्हा नवल वाटलं नाही. सणावारी मात्र आमच्याकडे जायफळ घातलेली दुधातली कॉफी होते, ती तहाबाहेर. कॉफी उठवणार, जायफळ झोपवणार. त्या पेयाला स्वतःलाच काय हवंय ते ठरलेलं नसतं, त्याचा दोष मला का?

काही महिन्यांत झोप लागू लागली. धडधड थांबली. एखाद्या सकाळी कॉफी राहिली तरी भुवई शांत. कॉफीची चव थोडी बदलल्यासारखी वाटायची, जरा कडसर, जरा गुळचट. ती मी साधनेची चव मानली. सोसायटीच्या बाकावर बसून मी दोघातिघांना मार्गदर्शनही केलं. निर्धार हवा हो, बाकी काही नाही.

परवा ही माहेरी गेली होती, म्हणून पावडर आणायला मी गेलो. आमच्या दुकानात बिया समोर भाजून दळून देतात.

"नेहमीचीच द्या. ऐंशी-वीस," मी म्हणालो. म्हणजे ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी.

दुकानदाराने वही काढली. "ऐंशी-वीस? ते तर केव्हाच बंद केलंत. मग सत्तर-तीस झालं, साठ-चाळीस झालं. आता एकावन्न-एकोणपन्नास चालू आहे. वहिनी दर वेळी थोडं थोडं वाढवून नेतात."

चिकोरीत कॅफिनचा कणही नसतो. भाजलेलं मूळ असतं ते.

"एकोणपन्नासच का?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"नियम तेवढाच आहे ना. चिकोरी त्यावर घालून विकता येत नाही." त्याने पुडी बांधली, मग दुसरी एक छोटी पुडी तिच्यावर ठेवली. "ही नुसती चिकोरी. वहिनींनी फोन करून सांगितली होती, त्यांना द्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."