कम्पॅटिबिलिटी मोडमधले अण्णा

तालुक्याच्या गावी, बहुधा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, एक रेकॉर्डिंग स्टुडिओ असतो आणि त्या स्टुडिओत एक अण्णा असतात. कुठे त्यांना दादा म्हणतात, कुठे मास्तर, माणूस तोच. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर, डावा हात ‘कंट्रोल’च्या बटणावर कायमचा मुक्कामाला. गणपतीची गाणी, खंडोबाची गाणी, लग्नाच्या व्हिडिओखालचं म्युझिक आणि निवडणुकीचा प्रचार, सगळं यांच्याकडेच होतं. ढोलकीच्या एकाच लूपवर यांनी तीन पक्षांचे उमेदवार उभे केलेले असतात आणि त्यातले दोन पडलेले असले तरी लूपला कोणी दोष दिलेला नसतो.

अण्णांकडे क्युबेस एसएक्स थ्री हे गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर आहे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं ते २००४ साली काढलं. पुढे कंपनी चार, पाच, सहा करत चौदाच्याही पुढे गेली. अण्णा तीनवर उतरले आणि तिथेच राहिले. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : “तीनचा साउंड वेगळा.” पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या त्यांच्या भाच्यानं एकदा हा दावा खोडायचं मनावर घेतलं. एकच गाणं त्यानं तीनमधून आणि चौदामधून काढलं, एकाची फेज उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवली. दोन्हींत फरक नसेल तर अशा वेळी काहीच ऐकू येत नाही. तसंच झालं. अण्णांनी डोळे मिटून ती शांतता ऐकली आणि म्हणाले, “बघ. यातसुद्धा तीनची शांतता जास्त गोड आहे.”

हा संसार ज्या विंडोज एक्सपीवर चालला होता, तिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला. अण्णांना त्याचा पत्ता नव्हता, कारण स्टुडिओच्या कॉम्प्युटरला त्यांनी इंटरनेट कधी दाखवलंच नव्हतं. “नेट लावलं की मशीन बिघडतं,” हा त्यांचा सिद्धान्त. पण मशीन बिघडायचं ते बिघडलंच, आणि तेही ऐन आषाढात, गणपतीच्या गाण्यांचा सीझन तोंडावर असताना. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. दुकानदारानं नवा कॉम्प्युटर बांधून दिला : विंडोज अकरा, बत्तीस जीबी रॅम.

इथून अण्णांचा खरा अवतार दिसतो. गाण्याला चाल लावताना हा माणूस घाई करतो. सॉफ्टवेअर टाकताना मात्र सोवळं पाळतो. पहिली अडचण म्हणजे सीडी आहे, पण नव्या कॅबिनेटला सीडी ड्राइव्हच नाही. तो बाहेरून जोडायचा यूएसबीचा आणला जातो. मग डाँगल, म्हणजे यूएसबीत खोचायची लायसन्सची किल्ली. हे अण्णांचं ओरिजिनल लायसन्स. ते कर्ज काढून घेतलंय आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, फक्त पिनांना लागू देत नाहीत. सीडीवरचा डाँगलचा ड्रायव्हर जुना, ३२ बिटचा. नवी ६४ बिट विंडोज त्याला आत घेत नाही. म्हणून आधी डाँगल ओळखणारा ई-लायसन्सरचा नंतरचा प्रोग्रॅम टाकायचा आणि मग एसएक्स. इन्स्टॉल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये करायचं नाही, कारण तिथे नवी विंडोज जुन्या प्रोग्रॅमला सुखानं लिहू देत नाही, सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करायचा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक थ्री’. रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. हे सगळं अण्णांच्या वहीत लिहिलेलं आहे, वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आहे, आणि ‘नेक्स्ट’ दाबायच्या वेळी खोलीत कोणी बोलायचं नसतं.

एसएक्स थ्री उघडतं. आता साउंड कार्ड. अण्णांचं कार्ड पीसीआयचं, आणि नव्या मदरबोर्डला तो स्लॉटच नाही. भाचा यूएसबीचा इंटरफेस आणतो. बफर ५१२ ठेवला तर आवाज साडेअकरा मिलिसेकंद उशिरा येतो. “ढोलकी मागे पडतेय,” अण्णा म्हणतात. बफर १२८ वर आणला की उशीर तीनच्या आत येतो आणि अण्णांची मान डोलू लागते. रॅम मात्र वाया जाते : ३२ बिटचा प्रोग्रॅम फार तर चार जीबी वापरणार. बत्तीस खोल्यांचा वाडा घ्यावा आणि बिऱ्हाड चार खोल्यांतच थाटावं, तसं हे. पण अण्णांना चार खोल्या पुष्कळ होतात.

“मामा, एवढ्या खटाटोपात नवं क्युबेस आलं असतं. तुझ्या जुन्या फाइल उघडतात त्यात,” भाचा म्हणतो. उघडतात, हे खरं. पण क्युबेसच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ३२ बिटचे प्लगइन बंद. फाइल उघडते, आकडे बरोबर दिसतात, आणि प्लगइनमधली सनई वाजत नाही. अण्णांचा निम्मा धंदा तर “गाणं तेच ठेवा, फक्त नाव बदला” यावर चालतो. गेल्या निवडणुकीत जे ‘लाडके’ होते त्यांच्या जागी नवे ‘लाडके’ बसवायचे, तर मागची सनई तीच हवी. मतदार ओळखतात ती सनईच.

एवढं सबळ कारण असूनही अण्णा लोकांना साउंडचंच सांगतात, कारण त्याच्या पोटात तिसरं एक कारण आहे. भाच्यानं लॅपटॉपवर नवं क्युबेस दाखवलं तेव्हा एका नगरसेवकाचा बेसूर आवाज त्यात सुरात ओढून दाखवला. अण्णा खूष झाले, खुर्ची पुढे ओढून माऊस हातात घेतला. बाण स्क्रीनच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हिंडला. रोजची बटणं रोजच्या जागी नव्हती. तेवढ्यात पार्टी आली. चार माणसांसमोर अण्णांना भाच्याला विचारावं लागलं, “अरे, ते कुठे गेलं?” आणि भाच्यानं त्यांच्या हातातला माऊस अलगद काढून घेतला. त्यानंतर लॅपटॉपचा विषय स्टुडिओत निघाला नाही. तीनमध्ये अण्णा उस्ताद आहेत. चौदामध्ये त्यांना चहा सांगायला पाठवतील.

डाँगलची काळजी मात्र वाढली आहे. २०२५ मध्ये कंपनीनं त्या लायसन्सची सेवाच बंद केली. आहे ते डाँगल चालेल, पण मोडलं तर त्यावरचं लायसन्स पुन्हा मिळायचं नाही. त्यामुळे ते आता मागच्या पोर्टात, कोणाचा धक्का लागणार नाही असं बसवलंय, आणि झाडूवाल्या मावशींना त्या बाजूला बंदी आहे.

आठवड्यानं दुकानदार बिलाचे उरलेले पैसे न्यायला आला. नेटची वायर काढलेली, अपडेट बंद, खिडक्यांची नाचरी उघडझाप बंद, आणि डेस्कटॉपवर एक्सपीची ती हिरवी टेकडी. त्यानं भीत भीत विचारलं, “अण्णा, कसा काय वाटला नवा कॉम्प्युटर?”

“एक नंबर,” अण्णा पैसे मोजत म्हणाले. “अगदी जुन्यासारखा चालतो.”